वाटाण्याचा हिमवास

मटार आणि वाटाणा हीं एकाच वनस्पतीचीं दोन नांवें. परंतु मराठी गृहिणीच्या लेखीं ते दोन निरनिराळे जिन्नस आहेत. शेंगेंतून नुकताच काढलेला, कोंवळा, दांताखालीं येतांच गोड रस सोडणारा दाणा तो मटार. आणि वेलीवरच वाळून कठीण झालेला, रात्रभर भिजत घातल्यावांचून कामास न येणारा तो वाटाणा. संस्कृत कोशकारांनीं कलाय, सतीन अशा नांवांनीं त्याची गणना धान्यांत केली आहे. म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढें वाळलेला दाणाच असला पाहिजे. नकार देण्यास आपण ‘वाटाण्याच्या अक्षता लावणें’ म्हणतों, तेथेंहि कपाळावर न टिकतां घरंगळणारा हा टणक दाणाच अभिप्रेत आहे. पश्चिम आशियांतील शेतकऱ्यांनीं आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीं ही वनस्पति लागवडीस आणली, आणि तेव्हांपासून मनुष्यजातीनें कोठारें भरलीं तीं वाटाण्यानें. मटार मात्र कोणास सांठवितां आला नाहीं. तो चार दिवसांचा पाहुणा होता. हिवाळा सरला कीं गेला, तो पुढल्या हिवाळ्यापर्यंत दिसावयाचा नाहीं. आज पुण्या-मुंबईच्या घरांत श्रावणांतहि मटारभात होतो, यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं; परंतु ज्या विद्येमुळें हें घडतें तिचें वय जेमतेम शंभर वर्षांचें आहे, आणि तिचें मर्म बहुतेक समजतात तेथें नसून अगदीं दुसरीकडेच आहे.

युरोपांत मध्ययुगीं गरिबांचा हिवाळा वाळलेल्या वाटाण्याच्या आंबिलीवर निघे. हिरवा, कोंवळा दाणा खाण्याची चाल तेथें बरीच उशिरां पडली, आणि पडली ती वेड लागावें अशी. जानेवारी १६६० मध्यें ओडिजे नांवाचा एक गृहस्थ इटालींतील जिनोआहून हिरव्या शेंगांची एक करंडी घेऊन पॅरिसला आला आणि ती त्यानें चवदाव्या लुई राजापुढें ठेविली. भर थंडींत हिरवे मटार! दरबार थक्क झाला. त्यानंतर छत्तीस वर्षांनींहि तो ज्वर उतरला नव्हता. १६९६ च्या एका पत्रांत मादाम द मँतनों या बाईनें लिहिलें आहे कीं, राजवाड्यांत मटाराशिवाय दुसरा विषयच नाहीं, आणि राजाच्या पंक्तीस यथेच्छ जेवून घरीं गेलेल्या स्त्रिया निजण्यापूर्वीं अजीर्णाची पर्वा न करतां पुन्हां मटार खातात. या हकीकतींत हंसण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु तिच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे. हा पदार्थ दुर्मिळ होता तो पिकत नव्हता म्हणून नव्हे, टिकत नव्हता म्हणून.

न टिकण्याचें कारण दाण्याच्या आंत आहे. शेंग वेलीवरून तोडली तरी दाणा मरत नाहीं. तो श्वास घेतच राहतो, स्वतःजवळील साखर जाळतो आणि उरलेल्या साखरेचें पिष्ट करीत जातो. सकाळीं गोड असलेली शेंग उन्हांत पडली तर सायंकाळीं पिठूळ लागते, ती याचमुळें. वाटाण्याची जातहि येथें महत्त्वाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील हेअरफर्डशायर परगण्यांत टॉमस अँड्र्यू नाईट यानें संकर करून सुरकुतलेल्या दाण्याच्या जाती सिद्ध केल्या. त्या गुळगुळीत दाण्याच्या जातींहून अधिक गोड निघाल्या. गुळगुळीत आणि सुरकुतलेला या भेदाचें गणित पुढें ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकानें ब्रून येथील मठाच्या बागेंत मांडलें, आणि १८६६ सालीं छापलेल्या त्याच्या निबंधावर आजचें आनुवंशशास्त्र उभें आहे. पण सुरकुती पडते कां, हें १९९० पर्यंत अज्ञात होतें. त्या वर्षीं इंग्लंडांतील नॉरिच येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, सुरकुतलेल्या दाण्यांत साखरेपासून पिष्ट घडविणारें एक विकर निकामी झालेलें असतें. म्हणून त्यांत साखर उरते, साखरेबरोबर पाणी अधिक राहतें, आणि वाळतांना तें पाणी गेलें कीं साल आक्रसते. आज गोठविण्यासाठीं पेरले जाणारे मटार बहुतेक याच सुरकुतणाऱ्या कुळांतले आहेत. मेंडेलच्या बागेंतला तो दाणा असा थेट आपल्या ताटापर्यंत येऊन पोंचला आहे.

थंडीनें अन्न टिकतें हें ज्ञान मात्र नवें नाहीं. फ्रान्सिस बेकन या तत्त्ववेत्त्यानें १६२६ सालीं लंडनजवळ हायगेट येथें एका कोंबडीच्या पोटांत बर्फ भरून ती किती दिवस टिकते हें पाहावयाचें ठरविलें. त्या थंडींत तो आजारी पडला आणि त्या एप्रिलांत वारला, अशी कथा ऑब्रे नांवाच्या चरित्रकारानें लिहून ठेविली आहे. आपल्याकडे अबुल फज्लनें ऐन-इ-अकबरींत पाणी गार करण्यासाठीं सोऱ्याचा उपयोग वर्णिला आहे, आणि १५८६ पासून उत्तरेकडील डोंगरांतून लाहोरास बर्फ आणण्याची व्यवस्था होती हेंहि सांगितलें आहे. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानें १७७५ सालीं एक विलक्षण माहिती प्रसिद्ध केली. अलाहाबादकडे हिवाळ्यांत उघड्या मैदानांत उथळ खड्डे खणून त्यांत वाळलेलीं ताटें पसरीत, त्यांवर मातीचीं सच्छिद्र उथळ भांडीं मांडून त्यांत पाणी ओतीत, आणि निरभ्र रात्रीं, हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतांनाहि, पहांटे त्यांत बर्फाचा पापुद्रा धरे. मजूर सूर्योदयापूर्वीं तो गोळा करून खोल खड्ड्यांत सांठवीत. पुढें १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून १८० टन बर्फ भुशांत गुंडाळून कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतला सुमारें १०० टन शिल्लक होता. मुंबईस आणि मद्रासेसहि हा व्यापार लवकरच पोंचला. मद्रासचें १८४२ मधलें बर्फगृह अजून उभें आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें उतरले होते, म्हणून त्यास आतां त्यांचें नांव दिलेलें आहे.

परंतु हा सगळा बर्फ शून्य अंशाचा. तो सरबत गार करी, ज्वराच्या रोग्याच्या कपाळावर ठेवण्यास उपयोगी पडे. मटार वर्षभर टिकविणें त्याच्या आवांक्याबाहेर होतें. बर्फांत मीठ कालविलें तर शून्याखालीं वीस अंशांपर्यंत जातां येतें, हें आइस्क्रीमचें भांडें फिरविणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक होतें. पण ती थंडी घटकाभराची.

मध्यंतरीं उष्णतेनें बाजी मारली. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानें अन्न कांचेच्या बाटलींत भरून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यांत ठेवण्याची युक्ति शोधिली, आणि सरकारचें बारा हजार फ्रँकांचें पारितोषिक घेऊन १८१० सालीं ती पुस्तकरूपानें जगजाहीर केली. हिरवे मटार हा त्याच्या आवडत्या पदार्थांपैकीं एक होता. बाटलीच्या जागीं पुढें कथिलाचा डबा आला. या मटारांनीं जगभर प्रवास केला खरा. पण दीर्घकाळ शिजल्यामुळें ते मऊ पडत आणि त्यांचा रंग शेवाळी-पिंगट होई. हा रंग कां जातो याचा उलगडा पुढें झाला. पानांतील व शेंगांतील हरितद्रव्याच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असतो, हें रिशार्ड विल्श्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें सिद्ध केलें, आणि १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें तें अशाच कामाबद्दल. शिजतांना भाजींतलें आम्ल तो अणु बाहेर काढतें, आणि हिरवेपणा मावळतो. कारखानदारांनीं यावर केलेला उपाय भयंकर होता. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सांत डब्यांतल्या मटारास हिरवा रंग येण्यासाठीं त्यांत मोरचूद घालीत. डोळ्यांस तो दाणा पाचूसारखा दिसे. पोटाची काळजी खाणाऱ्यानें करावी!

यंत्रानें थंडी निर्माण करण्याची विद्या त्याच शतकांत वाढली. १८८२ सालीं ‘डनीडन’ नांवाचें शिडाचें जहाज न्यूझीलंडहून सुमारें पांच हजार मेंढ्यांचें गोठविलेलें मांस घेऊन लंडनास सुखरूप पोंचलें, तेव्हां व्यापाऱ्यांस तिची किंमत कळली. भाज्यांस मात्र ही थंडी मानवेना. मोठ्या खोलींत माल रचून तो दिवसेंदिवस सावकाश गोठवीत. आणि सावकाश गोठणें हाच भाजीचा घात. पाणी हळूहळू गोठलें तर त्याचे स्फटिक थोडे पण मोठे होतात, आणि त्यांच्या टोकदार कडांनीं पेशींच्या भिंती फाटतात. शिवाय पाण्याचा बर्फ होतांना तो सुमारें नऊ टक्के फुगतो. बर्फ वितळला कीं पेशींतला रस वाहून जातो आणि हातांत चोथा उरतो. झपाट्यानें गोठविलें तर स्फटिक बारीक व असंख्य होतात आणि इजा कमी होते. माशांच्या बाबतींत हें डेन्मार्कच्या ऑटेसननें मिठाच्या थंडगार पाण्याचा उपयोग करून दाखविलें होतें, आणि जर्मनींत रुडॉल्फ प्लांक व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९१६ च्या सुमारास त्याचें शास्त्र मांडलें होतें. म्हणून या शोधाचें सारें श्रेय पुढें ज्या अमेरिकन माणसाच्या पदरांत पडलें, त्यास आद्य म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि त्याच्यावांचून मटार घरोघर गेला नसता, हेंहि तितकेंच खरें.

क्लॅरेन्स बर्ड्सआय याचा जन्म १८८६ सालीं ब्रुकलिन येथें झाला. पैशाच्या अडचणीमुळें त्याचें महाविद्यालयीन शिक्षण अपुरें राहिलें. १९१२ सालीं तो कॅनडाच्या ईशान्येकडील लाब्राडॉर या ओसाड बर्फाळ प्रदेशांत कातड्यांच्या व्यापारासाठीं गेला. तेथील इन्युइट लोक बर्फास भोंक पाडून मासा काढीत, आणि तो बाहेर येतांच बोचऱ्या वाऱ्यांत लांकडासारखा कडक होई. महिन्यांनंतर शिजविला तरी त्यास ताज्या माशाची चव असे. हिवाळ्याच्या ऐन कडाक्यांत गोठलेलें मांस सौम्य थंडींत गोठलेल्या मांसापेक्षां चांगलें लागतें, हेंहि त्याच्या जिभेनें टिपलें. पुढें पत्नी व तान्हें मूल यांना तो तेथें घेऊन गेला. मैलोगणती बर्फांत ताजी भाजी आणावयाची कोठून? त्यानें पिंपांत कोबीचे थर घालून वर समुद्राचें पाणी ओतलें आणि तें उघड्यावर गोठूं दिलें. लागेल तसा कोबी फोडून काढावयाचा. कारखान्यांची भाषा बाजूस ठेविली तर या विद्येचा आरंभ असा एका घराच्या गरजेंतून, मुलाच्या ताटासाठीं झाला. इतिहासांत नांव एकट्या नवऱ्याचें राहिलें. तें भाजीचें ताट रोज कोण वाढीत होतें, हें सांगावयास नको.

१९१७ सालीं तो परतला. १९२३ मध्यें सात डॉलरांचें सामान, म्हणजे एक विजेचा पंखा, मिठाच्या पाण्याच्या बादल्या आणि बर्फाच्या लाद्या, एवढ्या भांडवलावर त्यानें प्रयोग मांडले. पहिला धंदा बुडाला. मग मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या कोळ्यांच्या बंदरांत त्यानें दुसरा उभारला, आणि पुठ्ठ्याच्या चपट्या पेट्यांत भरलेलें अन्न अतिशीत धातूच्या दोन पत्र्यांमध्यें दाबून गोठविण्याचें यंत्र सिद्ध केलें. १९२९ सालीं हा धंदा व त्याचे हक्क दोन कोटि वीस लाख डॉलरांस विकले गेले. ६ मार्च १९३० रोजीं स्प्रिंगफील्ड या शहरांतील कांहीं निवडक दुकानांत मांसमासळीबरोबर गोठविलेले मटार आणि पालक प्रथमच सामान्य गिऱ्हाइकापुढें मांडण्यांत आले. दुकानदारांकडे ते ठेवण्यास थंड कपाटेंहि नव्हतीं. तीं कंपनीनेंच पुरविलीं.

येथपर्यंतची कथा बहुतेक ठिकाणीं सांगितली जाते आणि येथेंच संपविली जाते. पण खरी गांठ पुढें आहे. झपाट्यानें गोठविलेला मासा उत्तम राहिला; झपाट्यानें गोठविलेला कच्चा मटार मात्र राहिला नाहीं. गोठवितांना तो हिरवागार असे. कांहीं आठवड्यांनीं पेटी उघडावी तों त्यास वाळक्या गवताचा वास येई, रंग फिका पडे, साल चिवट लागे. थंडी पुरेशी होती. गोठण्याचा वेग पुरेसा होता. मग बिघडवीत होतें कोण?

उत्तर सांपडलें तें १९२९ च्या सुमारास आणि त्यानंतरच्या चार-पांच वर्षांत, कॅलिफोर्निया विद्यापीठांतील क्रूएस व जॉस्लिन आणि अमेरिकेच्या कृषिखात्यांतील संशोधक यांच्या कामांतून. थंडीनें जंतूंची वाढ थांबते. पण दाण्याच्या स्वतःच्या पोटांत जीं विकरें असतात तीं थंडीनें मरत नाहींत, केवळ मंदावतात. शून्याखालीं अठरा अंशांवरहि त्यांचें काम मुंगीच्या पावलानें चालूच असतें. त्यांतलें एक दाण्यांतल्या अल्पशा स्निग्धांशावर प्राणवायूचा मारा करतें, आणि त्यांतून तो गवताचा वास देणारीं द्रव्यें उपजतात. शिवाय गोठल्यामुळें पेशींच्या भिंती फुटतात, तेव्हां एरवीं वेगवेगळ्या कोठड्यांत राहणारे हे पदार्थ एकमेकांस भेटतात. म्हणजे बर्फ हाच शत्रूस दार उघडून देतो! यावर उपाय एकच, आणि तो थंडीचा नव्हे, उष्णतेचा. दाणा गोठविण्यापूर्वीं क्षणभर उकळत्या पाण्यांत किंवा वाफेंत धरावयाचा, म्हणजे विकरें निकामी होतात. आणि लगेच थंड पाण्यांत बुडवावयाचा, म्हणजे तो शिजत नाहीं. डबेवाले कारखानदार भाजी डब्यांत भरण्यापूर्वीं तिला असा उकळीचा चटका आधींपासूनच देत होते, पण निराळ्या हेतूनें. गोठविणारांनीं ती कृति त्यांच्याकडून उचलली.

किती चटका द्यावा हें ठरविण्यासही एक सुंदर युक्ति निघाली. दाण्यांतील पेरॉक्सिडेज नांवाचें विकर उष्णतेस सर्वांत चिवटपणें तोंड देतें. चिरडलेल्या दाण्यावर ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे थेंब टाकावे. विटेसारखा तांबूस रंग आला तर विकर जिवंत आहे, न आला तर मेलें. जें सर्वांत चिवट तें मेलें, तर बाकीचींहि गेलीं असें समजण्यास हरकत नाहीं. मटार हिमवासांत वर्षभर राहतो तो दीड मिनिटाच्या उकळीमुळें. बर्ड्सआयचें नांव वेष्टनावर छापलें गेलें. ज्यांनीं ही उकळी शोधली त्यांचीं नांवें प्रयोगशाळांच्या अहवालांत राहिलीं.

कारखान्यांतून ही विद्या घरांत आली ती दुसऱ्या महायुद्धामुळें. १९४२ सालीं मलाया जपानच्या हातीं गेला, कथिल दुर्मिळ झालें, आणि १९४३ मध्यें अमेरिकेंत डब्यांतल्या अन्नावर शिधापद्धति लागू झाली. घरोघर परसांत भाज्या पिकविण्याची चळवळ चालूच होती. पिकलेल्या भाजीचें करावयाचें काय? खेड्यांतून तत्पूर्वींच शीतगृहें निघालीं होतीं. त्यांत बँकेंतल्या पेटीप्रमाणें कुलुपाचा एकेक कप्पा भाड्यानें मिळे आणि कुटुंबें आपलें मांस व भाजी त्यांत ठेवीत. युद्ध संपल्यावर घरगुती शीतपेट्या आल्या, आणि कृषिखात्यानें व गृहशास्त्र शिकविणाऱ्या स्त्रियांनीं सोप्या भाषेंत सूचना छापून वांटल्या. त्या सूचना आजवर फारशा बदललेल्या नाहींत. अर्धा किलो दाण्यांस चार लिटर पाणी खळखळून उकळावें. दाणे जाळीच्या भांड्यांतून सोडावे. पाणी मिनिटभरांत पुन्हां उकळीस आलें पाहिजे, न आल्यास दाणे जास्त झाले असें समजावें. उकळी आल्यापासून दीड मिनिट मोजावें. मग तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यांत. निथळून, कोरडे करून, ताटांत एक थर पसरून गोठवावे, आणि सुटे झाल्यावर हवा काढून पिशवींत बंद करावे. शून्याखालीं अठरा अंशांवर असे दाणे आठ ते बारा महिने उत्तम राहतात. अर्धवट चटका न दिल्याहून वाईट, हा त्या सूचनांतला इशारा विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण कोमट पाण्यानें विकरें मरत तर नाहींतच, उलट चेततात.

दाणे सुटे राहण्याची गोष्ट कारखान्यांस १९६० नंतर साधली. स्वीडन देशांत अशी यंत्रें निघालीं कीं, जाळीखालून अतिशीत हवेचा जोराचा झोत सोडावयाचा, आणि त्यावर मटार उकळत्या पाण्यांतील बुडबुड्यांप्रमाणें नाचत राहावयाचे. प्रत्येक दाणा एकटा गोठतो, कांहीं मिनिटांत. मुठीनें काढून घेतां येणारे बाजारांतील मटार ते हेच. त्यापूर्वींचे मटार विटेसारख्या ढेपेच्या रूपांत मिळत.

हिंदुस्थानांत या सर्वांस एका कपाटाची वाट पाहावी लागली. देशांत तयार झालेलें पहिलें घरगुती शीतकपाट गोदरेज कारखान्यांतून १९५८ सालीं बाहेर पडलें, आणि पुढें कित्येक वर्षें तें श्रीमंतीचें लक्षण होतें. दिवाणखान्यांत ठेवलेलें, वर भरतकामाचें वस्त्र घातलेलें, कुलुपाचें. मध्यमवर्गीय घरांत तें १९८० नंतर सर्रास दिसूं लागलें. १९८८ सालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें दिल्लींत ‘सफल’ या नांवानें भाजीपाल्याची व्यवस्था सुरूं केली, आणि त्या नांवाची गोठविलेल्या मटारांची पिशवी कालांतरानें अनेक शहरांत परिचयाची झाली. इकडे पुण्याजवळील पुरंदर तालुक्याचा मटार, आणि हिवाळ्यांत जबलपूर भागांतून येणारा मटार, यांनीं बाजार भरून वाहूं लागला कीं भाव उतरतो. तेव्हां पिशव्या भरून शेंगा घरीं आणाव्या, वर्तमानपत्र पसरून घरांतल्या लहानथोरांनीं सोलावयास बसावें, आणि दाणे बर्फाच्या कप्प्यांत ठेवावे, ही चाल शहरी घरांत इतकी रुळली आहे कीं ती पिढ्यान्‌पिढ्यांची वाटावी. ती तशी नाहीं. आजीच्या आजीला भोगीच्या भाजीनंतर मटाराचा निरोपच घ्यावा लागे.

या घरगुती चालींत दोन पंथ आहेत. एक उकळीचा, दुसरा कच्चे दाणे तसेच पिशवींत कोंबण्याचा. दुसऱ्या पंथाच्या बायका सांगतात कीं, आमचे मटार कधीं बिघडत नाहींत. आणि त्या खोटें बोलत नाहींत. महिनाभरांत संपणाऱ्या दाण्यास विकरें फारशी इजा करूं शकत नाहींत. पण माघांत भरलेली पिशवी आषाढांत उघडावयाची असेल, तर उकळीस पर्याय नाहीं. उकळत्या पाण्यांत चिमूटभर साखर किंवा मीठ घालण्याची रीत अनेक घरांत आहे. तिनें अपाय कांहीं नाहीं, पण टिकण्याशीं तिचा संबंधहि नाहीं. खाण्याच्या सोड्याची गोष्ट वेगळी. सोड्यानें रंग गडद हिरवा राहतो खरा, कारण तो आम्ल मारतो. परंतु त्यानें साल मऊ होऊन सुटते आणि जीवनसत्त्वेंहि नाश पावतात. मोरचूद घालणाऱ्या कारखानदाराचाच हा सौम्य, स्वयंपाकघरांतला भाऊबंद म्हणावयाचा.

खरी अडचण कपाटाची आहे. घरच्या शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा म्हणजे शीतपेटी नव्हे. पुष्कळ कपाटांवर तारे छापलेले असतात. एक तारा म्हणजे शून्याखालीं सहा अंश, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे अठरा. सहा अंशांवर वर्षभराची आशा धरणें व्यर्थ. तशांत एकाच दिवशीं दहा किलो शेंगांचे दाणे त्या कप्प्यांत दाबून भरले, म्हणजे मधले दाणे रात्रभर गोठत राहतात, आणि मोठ्या स्फटिकांचा तोच जुना घात घरबसल्या होतो. एका घनफुटास चोवीस तासांत एक ते दीड किलोहून अधिक माल गोठवूं नये, असें यंत्रज्ञ सांगतात. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत वीजकपात तासन्‌तास चाले, तेव्हां कित्येक घरांतली वर्षाची बेगमी एका दुपारींत वितळून गेली. वितळलेल्या दाण्यांत बर्फाचे कण अजून कचकचत असतील तर ते पुन्हां गोठविण्यास हरकत नाहीं, चव मात्र उतरते. पूर्ण सुटून ऊन हवेंत राहिले असतील तर त्यांचा मोह सोडावा.

एक किलो शेंगांतून दाणे निघतात ते अर्ध्या किलोहून कमीच. उरलेलीं कोंवळीं टरफलें आंतला चिवट पापुद्रा सोलून काढला तर भाजीस चालतात. हें काम वेळखाऊ आहे, म्हणून हल्लीं फारसें कोणी करीत नाहीं, आणि दारावर गाय येत असे तोंवर तीं तिच्या वाट्यास जात.